समुपदेशनाच्या नोंदी कशा ठेवायच्या: सीमाभागातल्या शाळेत हे काम नव्यानं हाती आलेल्यांसाठी

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत कामांची वाटणी होते. कुणाकडे अक्षर दासोह (दुपारचं जेवण), कुणाकडे स्काऊट, कुणाकडे सहल. आणि "तुम्ही मुलांशी चांगलं बोलता" एवढ्याच कारणावरून एखाद्या बाईंकडे किंवा सरांकडे मार्गदर्शन-समुपदेशन येतं. बोलायचं कसं हे हळूहळू जमतं. लिहायचं काय, कुठं आणि किती, हे मात्र कुणी सांगत नाही. मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत हे काम बरीच वर्षं करतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, भालकी इथल्या मराठी शाळांत यंदा ज्यांच्याकडे हे काम आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

नोंद कुणासाठी लिहायची, हे आधी मनात पक्कं करा. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिससाठी नाही, तपासणीसाठी नाही, उद्या काही झालं तर आपली मान सोडवायलाही नाही. ते मूल पुढच्या वेळी तुमच्यासमोर बसेल तेव्हा त्याला तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागू नये, म्हणून नोंद. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

पहिलं काम: तीन वह्या वेगळ्या करा

पहिल्या वर्षी माझ्याकडे एकच वही होती. त्यातच भेटीची तारीख, मुलाचं नाव, त्यानं सांगितलेलं सगळं आणि पालकांचा फोन नंबर. एकदा तासाची घंटा झाली आणि वही स्टाफरूमच्या टेबलावर राहिली. एका सहकाऱ्यानं सहज चाळली. दुपारी भर वर्गात नववीतल्या एका मुलीला प्रश्न आला, "काय गं, घरातली भांडणं मिटली काय?" ती मुलगी दहावी होऊन जाईपर्यंत पुन्हा माझ्याकडे आली नाही. समोर दिसली की मान खाली घालून जायची. चूक माझीच होती, वही मी ठेवली होती.

तेव्हापासून माझ्या तीन वह्या आहेत. एक भेटीचं रजिस्टर: तारीख, तास, सांकेतिक क्रमांक, इयत्ता, मूल स्वतः आलं की कुणी पाठवलं, आणि पुढची भेट कधी. विषयाच्या रकान्यात फक्त एक शब्द: अभ्यास, घर, तब्येत, मैत्री किंवा पुढचं शिक्षण. तपासणीला कुणी आलं तर हे रजिस्टर बिनधास्त दाखवता येतं. काम झाल्याचा पुरावा त्यात आहे आणि मुलाचं काहीच उघडं पडत नाही.

दुसरी म्हणजे मुलाची फाईल. प्रत्येकाची स्वतंत्र, साधी पुठ्ठ्याची, वर फक्त क्रमांक. पानांना आधीच नंबर घालून ठेवा, म्हणजे मधलं पान गेलं तर लगेच कळतं.

तिसरी फक्त एक यादी: कोणता क्रमांक कुणाचा. ती फाईलींच्या कपाटात ठेवायची नाही. माझी यादी हेडमास्तरांच्या तिजोरीत बंद पाकिटात असते. क्रमांकासाठी हजेरी नंबर किंवा एसएटीएस (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला) नंबर वापरू नका, तो शाळेत कुणालाही शोधता येतो. माझे क्रमांक वर्ष आणि आलेल्या मुलांचा अनुक्रम असे असतात, २५/०७ सारखे.

जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि एसएटीएस ही शाळेची कागदपत्रं आहेत, तुमची नव्हेत. समुपदेशनातला एक शब्दही तिथं जाता कामा नये. हजेरीपटाच्या शेऱ्यात 'मानसिक त्रास' असं लिहिलेलं मी पाहिलंय. तो शेरा पुढं दहा जण वाचतात.

कपाट

कुलपाचं लोखंडी कपाट मागा. नसेल तर परीक्षेच्या साहित्याच्या कपाटातला कुलपाचा एक खण मागून घ्या. दोन किल्ल्या हव्यात. एक तुमच्याकडे, दुसरी पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर तुमची आणि हेडमास्तरांची सही करून ऑफिसात. पाकीट उघडावं लागलं तर कुणी, कधी, कशासाठी उघडलं ते त्यावरच लिहायचं.

जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळांसाठी एक जादा सूचना. आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी येते आणि जेल पेनाची शाई पसरते. साध्या बॉलपेननं लिहा आणि फाईली जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. एका पावसाळ्यात माझी चार पानं वाचता येईनाशी झाली होती.

पहिल्या भेटीत मुलाला काय सांगायचं

लिहिण्याआधी मुलाला सांगायचं की आपण लिहिणार आहोत. मी साधारण असं बोलतो: "तू जे सांगशील त्यातलं थोडं मी लिहून ठेवणार, पुढच्या वेळी विसरू नये म्हणून. ती फाईल कुलपात असते, दुसरं कुणी वाचत नाही. पण तीन गोष्टी असल्या तर मला सांगावंच लागेल. तुला कुणी त्रास देत असेल, तू स्वतःला काही करून घेणार असशील, किंवा तुझ्या हातून दुसऱ्याला काही होणार असेल. तेव्हाही मी कुणाला सांगणार ते आधी तुला सांगीन."

"मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. मूल रडत असतं, आपलंही मन भरून येतं आणि तोंडातून निघून जातं. नंतर ते मोडावं लागलं, तर मुलाचा पुढच्या प्रत्येक मोठ्या माणसावरचा भरवसा जातो. हे सांगून झालं की फाईलच्या पहिल्या पानावर 'मर्यादा सांगितली' एवढं लिहून तारीख टाका.

बोलणं चालू असताना पेन खाली ठेवा. तारीख किंवा गावाचं नाव टिपायचं असेल तर "एवढं लिहून घेऊ का?" असं विचारून टिपा. बाकी सगळं मूल गेल्यावर.

नोंद लिहिणं

त्याच दिवशी लिहायची, घरी जायच्या आधी. मला बसच्या आधी वीस मिनिटं मिळतात, त्यात होतं. दुसऱ्या दिवशी मुलाचे शब्द आठवत नाहीत. मग आपण आपलेच शब्द त्याच्या तोंडी घालतो.

नव्या माणसाच्या वहीत नोंद साधारण अशी असते: "मुलगा आळशी आहे. घरचं वातावरण बरोबर नाही. रात्री मोबाईल बघत बसतो. अभ्यासाकडे लक्ष नाही. समजावून सांगितलं." पाच वाक्यं, पण माहिती एकही नाही. आळशी हे आपलं मत. वातावरण बरोबर नाही, म्हणजे काय? मोबाईलचं कुणी सांगितलं, मुलानं की वर्गशिक्षकांनी? आणि समजावलं काय? सहा महिन्यांनी ही नोंद वाचणाऱ्याला एक आळशी मुलगा दिसतो, दुसरं काही नाही.

आता त्याच मुलाची दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेली नोंद बघा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

"९ सप्टेंबर. चौथा तास, ३५ मिनिटं. वर्गशिक्षकांनी पाठवलं. कारण: दोन आठवड्यांत सहा दिवस गैरहजर, वर्गात झोपतो.
म्हणाला: 'मला शाळेला येऊ नको वाटूलंय.' 'पप्पा गोव्याला असतात. आज्जीला जमेना.' 'रात्री झोप होत नाही.'
पाहिलं: डोळे लाल. तीन-चार वेळा जांभई. दोन्ही पायांवर ओरखडे, ताजे. पप्पांचा विषय निघाल्यावर साधारण मिनिटभर गप्प.
माझा अंदाज, तपासायचा: गैरहजेरी शेतकामामुळं असेल. झोपेचं कारण कळलं नाही. ओरखडे कशाचे ते विचारलं नाही, पुढच्या भेटीत विचारायचं.
ठरलं: शुक्रवारी भेट. आज्जीशी फोनवर बोलायला त्यानं हो म्हटलं. गणिताच्या सरांना एवढंच सांगायचं: दोन आठवडे गृहपाठाला सवलत द्या."

यात चार गोष्टी वेगळ्या राहिल्या: मूल काय म्हणालं, मला काय दिसलं, मला काय वाटतं आणि पुढं काय करायचं. शुक्रवारी कळलं की मुलगा काकासोबत रात्री शेतातल्या माळ्यावर राखणीला जातो. भात पोटरीला आलं होतं आणि रानडुकरं शिरत होती. ओरखडे कुंपणाच्या काट्यांचे. वर्गशिक्षकांना मोबाईलची खात्री होती. मी तीच खात्री नोंद म्हणून उतरवली असती, तर शुक्रवारी मोबाईलबद्दलच बोलत बसलो असतो. अंदाजावर 'अंदाज' असं लिहिल्यामुळं त्याची जागा पुढं मोकळी राहते. यात बाईंचा किंवा सरांचा मोठेपणा कमी होत नाही.

काही शब्द फाईलीत येऊच देऊ नका: मंद, हट्टी, बिघडलेला, डिप्रेशनचा पेशंट. आजाराचं नाव लिहायचा अधिकार डॉक्टरांचा. त्यांची चिठ्ठी पाहिली असेल तर 'अमुक तारखेच्या चिठ्ठीत असं लिहिलंय' एवढंच लिहा. चूक झाली तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका.

मूल, त्याचे आईवडील किंवा एखाद्या दिवशी न्यायाधीश ही ओळ मोठ्यानं वाचतायत, अशी कल्पना करा. जी ओळ तेव्हा लपवावीशी वाटेल, ती लिहू नका.

भाषा आणि नावं

हा भाग पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शिकेत सापडत नाही, आणि आपली निम्मी अडचण इथंच आहे.

मुलाचं वाक्य त्याच्याच बोलीत लिहा. 'येऊ नको वाटूलंय' याचं 'शाळेत यावेसे वाटत नाही' असं प्रमाण मराठी करू नका, त्यातला कंटाळा निघून जातो. शाळा मराठी असली म्हणून घर मराठीच असतं असं नाही. घरी कन्नड, कोकणी, उर्दू, लंबाणी बोलणारी मुलं आपल्या वर्गात असतात. मूल अडलं की घरच्या भाषेत बोलतं. ते शब्द कानाला लागले तसे देवनागरीत लिहा आणि पुढं अर्थ. अर्थाची खात्री नसेल तर मुलालाच विचारा, ते आवडीनं सांगतं.

नावांचा घोळ तर रोजचा. जनरल रजिस्टरात परशराम, आधारवर परशुराम. इथं आडनाव शेवटी, तिथं आडनावच गायब आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गाव एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, पण आजोबांच्या कागदावर ते कसं असेल? नावांच्या यादीत, म्हणजे तिसऱ्या वहीत, एसएटीएसमधलं नाव जसंच्या तसं लिहा आणि पुढं घरी हाक मारतात ते नाव. पुढं दवाखान्यात किंवा बाल कल्याण समितीसमोर जायची वेळ आली, तर दोन वेगवेगळ्या मुलांचे कागद वाटू नयेत.

सरकारी पत्र कन्नडमध्ये जातं. आपलं कन्नड कच्चं असलं की आपण कन्नडच्या सरांकडे जातो, आणि तिथंच मुलाचं गुपित फुटतं. मी पत्राचा मसुदा नाव, गाव, इयत्ता गाळून देतो, त्या जागी रिकाम्या रेघा. भाषांतर होऊन आलं की नाव मी स्वतःच्या हातानं भरतो. सर कितीही भले असले तरी मी असंच करतो, आणि त्यांनाही तेच बरं वाटतं.

अभ्यासात मागं पडणाऱ्या मुलाची नोंद करताना ते कोणत्या भाषेत मागं पडलं हे लिहायलाच हवं. मराठी धडा घडाघडा वाचणारं मूल कन्नडच्या पेपरात नापास होत असेल, तर अडचण भाषेची आणि सरावाची आहे. दोन्ही भाषांत अक्षरांची उलटापालट, ओळ सुटणं, ऐकलेलं कळतं पण वाचलेलं कळत नाही असं असेल, तर तज्ज्ञांकडून तपासून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. तुमच्या दोन ओळींवरून तज्ज्ञाला दिशा मिळते. नुसतं 'वाचनात कच्चा' लिहिलं तर काहीच मिळत नाही.

घरी कोण आहे

फाईलच्या पहिल्या पानावर 'पालक' असा एकच रकाना ठेवू नका. मी तीन ओळी ठेवतो: कागदावर पालक कोण, घरी रोज कोण असतं, आणि काही झालं तर फोन कुणाला करायचा. खानापुरातली कितीतरी घरं गोव्याच्या पगारावर चालतात. आईवडील तिकडं आणि मुलं आज्जीकडं. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या आयांना दिवसा फोन लागत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात बीड किंवा विजयपूरकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं काही महिन्यांपुरती वर्गात बसतात. त्यांच्या फाईलीत मूळ गाव, मूळ शाळा आणि मुकादमाचा नव्हे, तर आईचा किंवा वडिलांचा नंबर लिहा. मार्चनंतर तेवढाच धागा उरतो.

हजेरीवरून निष्कर्ष काढतानाही हे लक्षात असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पाणी आलं की काही वाड्यांची मुलं चार-चार दिवस येऊच शकत नाहीत. त्याला 'शाळेबद्दल अनास्था' म्हणू नका.

वडील येऊन "बघू द्या काय लिहिलंय" म्हणाले तर? हा प्रसंग प्रत्येकावर येतो. मी त्यांना बसवतो, चहा देतो आणि सांगतो की मुलाला विचारून जे सांगता येईल ते मीच तोंडी सांगतो. मुलाची काळजी वाटून आलेले बहुतेक पालक तेवढ्यावर समाधानी होतात. फाईल हातात देत नाही. गावातल्या कुणी माहिती अधिकारात मागितली, तर २००५ च्या कायद्याच्या कलम ८ मध्ये वैयक्तिक माहितीला संरक्षण आहे. अर्ज आला की हेडमास्तरांनी लेखी उत्तर द्यायचं, तुम्ही परस्पर काही द्यायचं नाही.

जिथं गुप्तता थांबते

लैंगिक अत्याचाराची गोष्ट मुलाच्या तोंडून आली किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ लागू होतं. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येक माणसावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. "आधी संस्थेत चर्चा करू", "घरच्यांशी बोलून मिटवू" याला इथं जागा नाही.

अशा वेळी नोंद कशी लिहायची ते नीट समजून घ्या. मुलाचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे, त्यानं शरीराच्या भागाला जो शब्द वापरला तोच. तुम्ही विचारलेला प्रश्नही लिहा. "मग काय झालं?" हा प्रश्न चालतो. "अमक्यानं हात लावला काय?" हा चालत नाही, कारण त्यात उत्तर तुम्हीच घालून दिलंय. एकदा ऐकलं की पुरे. पुन्हापुन्हा विचारू नका, दुसऱ्या बाईंसमोर पुन्हा सांगायला लावू नका, खरंखोटं तपासायला जाऊ नका. ते काम पोलिसांचं. मग वेळ मिनिटांसकट लिहा: मुलानं कधी सांगितलं, तुम्ही हेडमास्तरांना कधी सांगितलं, पोलिसांना किंवा १०९८ ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन कधी केला, पलीकडून कोण बोललं, तक्रारीचा नोंद क्रमांक काय.

आपल्या भागासाठी त्याच कलम १९ मधली एक तरतूद फार मोलाची आहे. नोंद मुलाला न समजणाऱ्या भाषेत होत असेल, तर दुभाषा मिळण्याचा त्याला हक्क आहे. पोलीस ठाण्यात कन्नडमध्ये लिहून घेतात. मराठी मूल मान हलवत राहतं. तिथं नम्रपणे पण ठामपणे दुभाषा मागा आणि मागितल्याची नोंद करा. कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घेता येतो आणि जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, हेही माहीत असू द्या.

बालविवाहाची कुणकुण लागली तरीही १०९८. मुलीचं वय अठरा, मुलाचं एकवीस. कर्नाटकानं केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरवलाय, त्यामुळं "लग्न झालंय, आता काय करायचं" हे उत्तर इथं चालत नाही. मुलीनं मैत्रिणीकडून निरोप पाठवला असेल, तर तो निरोप, तारीख आणि लग्नाची ठरलेली तारीख एवढं लिहा आणि त्याच दिवशी फोन करा.

जिवाला धोका असेल, मूल 'जगू नये वाटतं' म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. घरचं माणूस येईपर्यंत कुणीतरी जवळ बसलं पाहिजे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालतो. नोंद नंतर करा, पण त्याच दिवशी: मूल काय म्हणालं, कुणाच्या ताब्यात दिलं, त्यांना काय सांगितलं, कोणत्या डॉक्टरांकडे पाठवलं. बीम्समध्ये (बेळगावचा सरकारी दवाखाना) किंवा इतर दवाखान्यात पाठवायच्या चिठ्ठीत मोजकंच लिहा. झोप, भूक, ते वाक्य, किती दिवसांपासून. घरातल्या भांडणांची कहाणी चिठ्ठीत नको.

सगळ्यात अवघड म्हणजे मूल आपल्याच सहकाऱ्याबद्दल सांगतं तेव्हा. मारलं, वर्गात लाज वाटेल असं बोललं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. स्टाफरूममध्ये रोज एकत्र डबा खातो म्हणून ही नोंद सौम्य करायचा मोह होतो. करू नका. मुलाचे शब्द, वळ दिसला तर कुठं आणि केवढा, तारीख, आणि हेडमास्तरांना लेखी कळवल्याची पोच. तुम्ही हे केलं नाही, तर त्या मुलाच्या बाजूनं शाळेत दुसरं कुणी नाही.

नववी-दहावीचं मार्गदर्शन

या नोंदी सोप्या आहेत आणि त्या लपवायच्याही नाहीत. कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्येच सांगितलं होतं की मार्गदर्शन अगदी प्राथमिक वर्गापासून सुरू व्हावं. आपल्याकडं ते एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालानंतर सुरू होतं. नववीच्या जूनमध्ये प्रत्येक मुलाचं एक पान करा: काय आवडतं, घरच्यांना काय हवंय, खर्च किती झेपेल, रोज किती लांब जाता येईल. शेवटच्या दोन ओळी मुलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त निर्णय ठरवतात, म्हणून त्या वगळू नका.

दहावीनंतर पीयूसी (इथली अकरावी-बारावी), डिप्लोमा, आयटीआय किंवा चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला मराठीतून अकरावी, हे मुख्य रस्ते. मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं कित्येक मुलांच्या पानावर 'मिलिटरी' असतं. तिथं लिहून ठेवा: अग्निवीर जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात, वय किमान साडेसतरा. हे नववीत कळलं तर मुलगा इंग्रजीला बसतो.

महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगसारख्या व्यावसायिक प्रवेशात ८६५ गावांच्या वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तरतूद आहे. त्यासाठी गाव त्या यादीत असावं लागतं आणि मातृभाषेचा पुरावा लागतो. म्हणून नववीतच मुलाचं जनरल रजिस्टर बघा. मातृभाषेचा रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल, तर टीसी निघायच्या आधी नियमाप्रमाणे दुरुस्त करून घ्या. बारावीनंतर ऐन प्रवेशात धावपळ करणारी मुलं मी पाहिलीत. नववीत हे काम एका दुपारचं असतं.

फोन आणि कॉम्प्युटर

फाईलचा फोटो काढू नका. व्हॉट्सॲपवर मुलाचं नाव आणि अडचण एकत्र पाठवू नका, हेडमास्तरांनाही नाही. "२५/०७ बद्दल बोलायचंय, येऊ का?" एवढा मेसेज पुरतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाईप करायची वेळ आली तर पासवर्डची फाईल करा, प्रिंट काढा आणि पुसून टाका. पालकांनी रात्री पाठवलेला लांब व्हॉईस मेसेज ऐकून त्यातली कामाची ओळ कागदावर घ्या आणि मेसेज काढून टाका. तो अत्याचाराचा किंवा धमकीचा पुरावा असेल तर मात्र तसाच ठेवा आणि पोलिसांना सांगा.

वर्ष संपताना

एप्रिलमध्ये प्रत्येक चालू फाईलच्या शेवटी तीन-चार ओळींचा सारांश लिहा: काय चाललं होतं, काय उपयोगी पडलं, जूनमध्ये काय बघायचं. मूल शाळा सोडून गेलं तर टीसीसोबत ही फाईल जात नाही. नव्या शाळेतल्या शिक्षकांना काही सांगणं गरजेचं वाटलं तर मुलाची आणि पालकांची लेखी संमती घेऊन एका पानाची चिठ्ठी द्या, त्यात कामापुरतंच.

फाईली किती वर्षं ठेवायच्या हे हेडमास्तरांशी बोलून लेखी ठरवून घ्या. मी मूल अठरा वर्षांचं झाल्यावर आणखी एक वर्ष ठेवतो. पोलिसांत किंवा बाल कल्याण समितीत गेलेल्या प्रकरणाची फाईल प्रकरण पूर्ण संपेपर्यंत हलवायची नाही. बाकीच्या फाडून, हेडमास्तरांसमोर जाळायच्या. रद्दीत घालू नका. गावातल्या भेळवाल्याच्या हातात मुलाचं पान जाऊ शकतं.

तुमची बदली झाली तर कपाट तसंच सोडून जाऊ नका. नव्या बाईंना किंवा सरांना बोलवा, फाईली क्रमांकानं मोजून द्या आणि चालू असलेल्या मुलांना एकेकाला विचारा: "तुझी फाईल नव्या बाईंनी वाचली तर चालेल काय?" काही मुलं नको म्हणतात. त्या फाईली पाकिटात घालून सील करा आणि वर 'मुलानं परवानगी दिल्यावरच उघडावी, जिवाला धोका असेल तर अपवाद' असं लिहा. मोजणी झाली की यादीवर दोघांच्या आणि हेडमास्तरांच्या सह्या, आणि मग किल्ली.